फुटाळ्याचा वुलाला

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच माणसाला दोनच कामं असतात : कूलरसमोर पडणं आणि कूलरमध्ये पाणी टाकणं. यंदा या दोन कामांच्या मधल्या वेळात मी एक भाषा तयार केली.

दोष लेकीचा. सुट्टीत चुलत भावंडं जमली की आमच्याकडे 'च'ची भाषा सुरू होते. 'चलाम चणीपा चदे.' पण ती आजीपासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना येते, त्यामुळे गुपित असं काही राहत नाही. "बाबा, आम्हाला नवीन भाषा करून दे ना. पण ऐकायला मस्त पाहिजे हं," लेक म्हणाली. पतंगाला कन्नी बांधून दे म्हणावं, तशी. मी हो म्हणालो.

वाटलं, सोपं आहे. गोड आवाज घ्यायचे, कडू टाकायचे. शिवाय हे काम आपल्याकडे कधीच होऊन गेलंय. अकराव्या शतकात काश्मिरात मम्मट नावाच्या पंडिताने काव्यातल्या माधुर्य गुणाला कोणती अक्षरं चालतात हे लिहूनच ठेवलं. ट ठ ड ढ अजिबात नको. न्द, म्ब अशी नाकातून सुरू होणारी जोडी छान. र आणि ण ऱ्हस्व स्वरासोबत असतील तर घ्या. हाकललेला ट-वर्ग त्याने ओज गुणात, म्हणजे वीर आणि रौद्र रसाच्या खात्यात टाकला.

मी नागपूरचा परिसर डोळ्यांपुढे आणला. बर्डी. फुटाळा. वाडी. कोराडी. काटोल. रामटेक. बुटीबोरी. मम्मट गणेशपेठच्या बसस्टँडवर उतरला असता तर कंडक्टरची पहिलीच आरोळी ऐकून त्याला वाटलं असतं, लढाई सुरू झाली.

ट-वर्गाची बदनामी परदेशातही आहे. 1984 सालच्या स्टार ट्रेकच्या चित्रपटासाठी मार्क ओक्रँड या भाषातज्ज्ञाने परग्रहावरच्या लढवय्यांची क्लिंगॉन भाषा रचली, आणि ती माणसाच्या कानाला परकी वाटावी म्हणून मुद्दाम अवघड आवाज निवडले. त्यातला एक आवाज म्हणजे आपला 'ड'. अमेरिकेने परग्रहवासीयांसाठी राखून ठेवलेलं अक्षर आम्ही सकाळी वड्याबरोबर खातो.

याउलट 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'वाला टॉल्किन. त्याने आपल्या कथांतल्या एल्फ लोकांची क्वेन्या भाषा रचताना फिनिशचा आणि सिंडारिन भाषा रचताना वेल्शचा गोडवा उचलला. 1955च्या एका व्याख्यानात तो म्हणाला होता की 'सेलर डोअर' हे शब्द कानाला फार सुंदर लागतात, विशेषतः अर्थ बाजूला ठेवला तर. सेलर डोअर म्हणजे तळघराचं दार. मला हे फार पटलं. मी ठरवलं, आपण फक्त आवाज बघायचा. अर्थ लावायचं खातं लेकीकडे दिलं.

सात व्यंजनं निवडली : म, न, ल, र, व, य, स. पाच स्वर. प्रत्येक अक्षर स्वरातच संपणार, जोडाक्षर औषधालाही नाही. (मम्मटाचं न्द-म्ब इथेच गळालं. त्याने माफ करावं.) मराठी माणूस म्हणून 'ळ' घ्यायचा फार मोह झाला. आईला विचारलं.

"ळ कायले पायजे बाप्पा?" आई म्हणाली. "आपन केयंच खातो, पोरं शायेतच जातेत अन् माये डोयेच दुखतेत. य असला का झालं."

चाळीस वर्षं मी ज्या घरात राहतो, त्या घरात 'ळ' नाही हे मला त्या दिवशी कळलं.

मग हिशेब. सात गुणिले पाच, पस्तीस अक्षरं. एकाक्षरी पस्तीस शब्द तर नात्यांतच खलास झाले. जाऊ, नणंद, साडू, विहीण, कोणाकोणाला लांब ठेवणार? दोन अक्षरांचे 1225. त्यापुढे शब्द आगगाडीसारखे लांबतात. बाहेरून आलेल्या शब्दांचे हाल तर विचारू नका. हवाईयन भाषेत 'मेरी ख्रिसमस'चं 'मेले कालिकिमाका' होतं, कारण त्यांच्याकडे र नाही, स नाही आणि जोडाक्षरही नाही. आमच्याकडे बुटीबोरीची वुलीवोरी झाली, रामटेकचं रामालेया झालं आणि फुटाळ्याचा वुलाला. पोरं दिवसभर वुलाला, वुलाला करत घरभर नाचली. मला वाटलं, जिंकलो.

जेवताना पहिली चाचणी. कूलर फुल स्पीडवर. लेकीच्या यादीप्रमाणे 'लूमा' म्हणजे पाणी. मी शक्य तितक्या मुलायम आवाजात म्हणालो, "लूमा." लेकीने माझी चप्पल आणून दिली.

"लूमा म्हणालो!"

"मला लूना ऐकू आलं. लूना म्हणजे चप्पल."

"लूना गाडी तं कवाच इकली आपन," आई पलीकडून म्हणाली.

खरी गोम इथे होती. म आणि न, दोन्ही नाकातून येतात. फरक ओठांचा आणि जिभेचा, तेवढाच कूलर खाऊन टाकतो. ल, र, व, य यांचंही तेच. त्या घरघरीतून आरपार जातं ते फक्त "अहो, टाकीचं झाकण ठेवलं का?" बायकोने एका वाक्यात ट, झ आणि तीन ठिकाणी क टाकले आणि मी ताडकन उठलो. लूमा म्हणून कोणी उठलं नसतं.

पोरं दोन दिवसांत 'च'च्या भाषेवर परतली. मी मात्र हट्टाने वाक्यं रचत राहिलो. त्यातलं एक मला फारच आवडलं होतं. ते वहीत लिहून लेकीकडे दिलं, अर्थ तिने लावला, मी विचारलाही नाही.

परवा रात्री साडेअकराला लाइन गेली. कूलर थांबला. इतकी शांतता की शेजारच्या घरातली जांभई ऐकू यावी. मी अंधारात हळूच म्हणालो, "वेलामी लूमा नेरोया."

कोणी काही बोललं नाही. मग आईचा आवाज आला, "काय गोड बोलला रे. देवाचं हाये का?"

लेकीने मोबाइलचा टॉर्च लावून वही उघडली. "नाही आजी. कूलरचा पंप जळला."

"मंग सिद्धं म्हन ना, पंप जयला," आई म्हणाली आणि कूस बदलली.