तानपुऱ्यासोबत जवारीचाही खर्च पाठवा

ठाण्यातल्या संगीतवर्गात शिकून न्यू जर्सीत किंवा लंडनला स्थिरावलेले विद्यार्थी हल्ली आपल्या बाईंना, गुरुजींना अचानक तानपुरा भेट पाठवतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हापासून तर ‘मिरजेचाच हवा’ असा आग्रहही असतो. लगेच तिकडे ठाण्यात नेहमीचा वाद सुरू होतो: फोनमध्ये तानपुऱ्याचा सूर देणारं ॲप असताना नौपाड्यातल्या दोन खोल्यांत एवढं मोठं वाद्य ठेवायचं कुठे? आणि दुसरी बाजू म्हणते, ॲपवर गाणारा सूर शिकतच नाही.

परदेशातून बघताना वाटतं, खरा प्रश्न दोघांच्याही हातून निसटतो. इथे घरात पियानो असला की वर्षातून एकदा-दोनदा ट्यूनर येतो आणि त्याचे पैसे घरखर्चात आधीच धरलेले असतात. आपल्याकडे तानपुऱ्याची पूजा होते, पण जवारीचा, म्हणजे तारांखालची घोडी घासून आवाज पुन्हा जुळवण्याचा, खर्च कोणी धरत नाही. मग दोन वर्षांत वाद्य मुकं होतं आणि ॲपवाले जिंकतात.

मुकं का होतं? तारा ज्या पट्टीवर टेकतात, त्या घोडीचा माथा किंचित उताराचा असतो. तार त्या उतारावर हलकीशी घासत कंप पावते, म्हणून तो भरलेला, गुंजणारा आवाज येतो. तारेखाली सरकवलेल्या सुती दोऱ्याने ती जागा नेमकी साधतात. रोजच्या वापराने तार घोडीत खाच पाडते. मग दोरा कितीही सरकवला तरी आवाज बसकाच निघतो. अशा वेळी कारागीर तारा सैल करून घोडी कानशीने आणि बारीक पॉलिशपेपरने पुन्हा घासतो, एकेक तार लावून ऐकतो, परत घासतो. जरा जास्त घासली गेली तर आवाज झणझणीत, पातळ होतो. हे शिकाऊ हाताचं काम नाही.

त्यात ठाणं-वाशी म्हणजे खाडीकाठ. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात, स्टीलच्या तारा गंजतात, भोपळ्यावर बुरशी धरते. एसीच्या खोलीत उलट होतं. खुंट्या आकसून निसटतात, तेव्हा खुंटीला खडू घासावा लागतो. वाद्य बाहेरच्या ओल्या भिंतीला टेकवू नये. गवसणीत सिलिका जेलच्या पुड्या टाकाव्यात आणि वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात.

भेट अनपेक्षित असू दे, पण पट्टी, म्हणजे बाई कोणत्या सुराला ‘सा’ धरून गातात ते, विचारूनच घ्या. काळी चार-पाचला (पेटीच्या चौथ्या-पाचव्या काळ्या पट्टीला) गाणाऱ्या बाईंना काळी एकचा मोठा तानपुरा दिला, तर तारा ताणून सूर चढवावा लागतो, तारा तुटतात आणि तबलीवर, म्हणजे भोपळ्यावरच्या लाकडी झाकणावर, ताण येतो. विचारलं तर गंमत जाईल असं वाटत असेल, तर वर्गातल्या आताच्या एखाद्या विद्यार्थ्याला फोन करा.

वाद्य परदेशातून पाठवू नका. डिसेंबर २०१९ पासून भारतात येणाऱ्या भेटवस्तूंची जुनी शुल्कमाफी राख्यांसारखे अपवाद सोडून बंद झाली आहे, आणि पाच फुटी तानपुरा विमानाच्या साध्या सामानात बसतही नाही. मिरजेत बनवून घ्या आणि ठाण्यापर्यंत कोणा माणसाच्या सोबतीने आणा. निघण्यापूर्वी तारा दोन सूर उतरवा आणि भोपळ्याभोवती गादी गुंडाळा. भोपळा एकदा तडकला की सांधता येतो, पण आवाज पूर्वीचा राहत नाही.

‘वस्तू कशाला, सरळ पैसेच द्या’ असंही तिकडे म्हणतात. त्यात एक व्यावहारिक अडचण आहे. जुना विद्यार्थी कायद्याने नातेवाईक ठरत नाही. अशा लोकांकडून आर्थिक वर्षात मिळालेल्या पैशांच्या भेटी एकूण ५०,००० रुपयांवर गेल्या, की सगळीच रक्कम करपात्र होते. भेटींवरील कराच्या यादीत दागिने, शेअर, चित्रं, शिल्पं आहेत, वाद्य नाही.

म्हणून वाद्याची किंमत ठरवतानाच पाच वर्षांच्या जवारीचे आणि तारांच्या जादा जोडांचे पैसे बाजूला काढा आणि ते दरवर्षी थेट कारागिराला द्या. पावसाळा संपून लाकूड सुकलं, की दिवाळीच्या सुमारास त्याला ठाण्यात बोलवा. येण्याजाण्याचं भाडंही त्यात धरा, कारण बाई ते तुमच्याकडे मागणार नाहीत.