सरबत म्हणजे ओआरएस नव्हे!

आज दुपारी नागपूरच्या मानेवाडा रोडवरच्या एका मेडिकलमध्ये जे पाहिलं, त्यानं अजून डोकं तापलेलं आहे. नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस सुरू, रस्त्यावर उभं राहवत नाही, आणि काउंटरपाशी एक ताई वर्ष-सव्वा वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन उभी. लेकरानं मान खांद्यावर टाकलेली, ओठ सुकलेले. सकाळपासून सात वेळा पातळ शी झाली म्हणाली. हातात डॉक्टरांची चिठ्ठी. "भाऊ, ओआरएस द्या," म्हणजे जुलाबात पाण्यात घालून पाजायची मीठ-ग्लुकोजची पुडी. भाऊनं फ्रिज उघडला आणि संत्र्याच्या चवीचा स्ट्रॉवाला डबा पुढे केला. "हे घ्या ताई. पुडी पोट्टे पीत नाहीत, हे आवडीनं पितात."

आवडीनं तर कुल्फीपण खातात! म्हणून जुलाबात द्यायची का?

असं गोडमिट्ट पाणी जुलाब लागलेल्या पोटात गेलं की ती साखर अंगातलंच पाणी आतड्यात ओढून घेते. जुलाब वाढतात. मग संध्याकाळी घरात चर्चा, "ओआरएस देऊन राहिलो तरी थांबून नाही राहिलं." अहो, दिलंच कुठे?

पुडी उलटी करून वाचा. एक लिटरच्या पुडीत मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५, पोटॅशियम क्लोराइड १.५, ट्रायसोडियम सायट्रेट २.९. सगळं मिळून २०.५ ग्रॅम. हे आकडे जुळले तर ते ओआरएस, नाहीतर सरबत. आतड्याच्या पेशी ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतात आणि त्यांच्यामागे पाणी आत जातं. जुलाब चालू असतानाही ही वाट बंद पडत नाही, सगळी करामत तेवढीच आहे. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला आणि सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी असंच मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपात भरून रोग्यांच्या नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ च्या खाली आलं. आणि आपण ती पुडी मागच्या खणात ढकलायची, का तर चव नाही!

सरकारी आदेशही निघाला आहे राजेहो. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष वर्षानुवर्षं भांडल्या, तेव्हा कुठे २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये एफएसएसएआयनं, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं, असल्या पेयांच्या नावात 'ओआरएस' लिहायला मनाई केली. डब्यावरून नाव गेलं, पण दुकानदाराच्या तोंडातून कुठे गेलं? आजच्या भाऊनं तो शब्द ऐकला आणि हात सरळ फ्रिजकडे गेला.

खरं ओआरएस तयार डब्यातही मिळतं, मान्य. मागचे आकडे पाहून खुशाल घ्या. पुडीची चव खारट असते आणि लेकरं तोंड फिरवतात, हेही मान्य. पण त्यासाठी पाजायची पद्धत असते, ती कोणी सांगतच नाही.

आधी बनवण्याचं. मोठी पुडी एक लिटरला, छोटी २०० मिलीला. पुडीवर लिहिलेलं असतं, तरी सगळ्यात जास्त चूक इथेच होते. मोठी पुडी एका पेल्यात ढवळतात, "जरा कडक होऊ दे" म्हणतात. त्यानं रक्तातलं मीठ वाढतं, लेकराला झटके येऊ शकतात. उलट, पाणी जास्त झालं तर उपयोग होत नाही. अर्धी पुडी आत्ता, अर्धी नंतर, असंही नको. आतली पूड सारखी मिसळलेली असेलच असं नाही, अर्ध्यात मीठ जास्त गेलं तर कळणारही नाही. पेल्याचा अंदाज धरू नका. एक लिटरची पाण्याची बाटली असतेच घरात, छोट्या पुडीसाठी दुधाच्या बाटलीवरच्या खुणा वापरा. पाणी उकळून गार केलेलं किंवा फिल्टरचं. पूड टाकल्यावर उकळायचं नाही. वरून साखर नको, दुधात नको, ज्यूसमध्ये नको. झाकून ठेवायचं आणि २४ तासांनी उरलेलं फेकायचं. पाजण्याआधी स्वतः चाखा, अश्रूंहून खारट लागलं तर माप चुकलं आहे.

आता पाजणं. दोन वर्षांच्या आतल्याला प्रत्येक पातळ शौचानंतर ५० ते १०० मिली, दोनच्या वरच्याला १०० ते २००. पाच मिलीचा चमचा धरला तर लहानाला दहा ते वीस चमचे. एक चमचा, मिनिटभर थांबा, पुन्हा एक चमचा. त्या स्ट्रॉनं लेकरू घटाघटा ओढतं आणि पोटात एकदम गेलेलं तसंच उलटून येतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं, आणखी हळू. "उलटी झाली म्हणून बंद केलं" हे वाक्य ऐकलं की जीव तुटतो.

वीस चमचे म्हणजे वीस मिनिटं, तेही दिवसातून सात-आठ वेळा. हे एकट्या आईनं करायचं? आज त्या ताईसोबत कोणी नव्हतं. फोन मात्र दोनदा आला, आणि दोन्ही वेळा ती एकच सांगत होती, "हो, घेते, येतेच." घरात बाबा आहेत, आत्या आहे, आजोबा आहेत, चमचा सगळ्यांना धरता येतो. रात्रीच्या पाळ्या ठरवा. कॅलेंडरच्या मागे वेळा लिहा: शौच, उलटी, लघवी. डायपरमध्ये पातळ शौच आणि लघवी वेगळी कळत नाही, म्हणून दोन दिवस सुती लंगोट बांधा. धुणं वाढेल, वाढू द्या.

आज्यांवर मला रागावता येत नाही. त्यांच्या काळात "पोटाला आराम द्या"च सांगायचे. पण आजी, लेकराला उपाशी नका ठेवू हो. अंगावरचं दूध तर अजिबात तोडायचं नाही. मऊ खिचडी, वर थोडं तूप, दही-भात, कुस्करलेलं केळं, थोडं थोडं दिवसातून पाच-सहा वेळा. नुसत्या वरणाच्या पाण्यावर अंग भरून येत नाही. आणि "दात येऊन राहिले म्हणून हगवण" हेही सोडा. दातांच्या दिवसांत लेकरू दिसेल ते तोंडात घालतं, जंतू तिथून जातात. लहानांना जुलाब थांबवायची गोळी द्यायची नाही, मोठ्यांसाठी आणलेली घरात पडली असली तरी.

झिंकच्या, म्हणजे जस्ताच्या गोळीबद्दल तर कोणी बोलतच नाही. सहा महिन्यांच्या वर रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १०, आणि १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पूर्ण. त्यानं हा जुलाब लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा होण्याची शक्यता कमी होते. गोळी चमचाभर पाण्यात विरघळते. आशाताईंकडे पुडी आणि झिंक दोन्ही फुकट मिळतं, मागा.

आणि कधी धावायचं? लेकरू पीतच नाही, प्यायलेलं सगळं उलटतं, सुस्त पडलंय, डोळे किंवा डोक्यावरची टाळू खोल गेली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडल्यावर हळूहळू जागेवर जाते, सहा तास लघवी नाही, शौचात रक्त. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका. मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, मेयो रुग्णालय, जवळ जे असेल तिथे, आणि वाटेतही चमचा चालू ठेवा.

मी रांगेत तिसरी होते. पुढे होईपर्यंत ती ताई निघून गेली. मानेवाडा, बेसा, हुडकेश्वर भागातले बरेच जण इथे आहात. तुमच्या गल्लीत, बिल्डिंगमध्ये कोणाच्या लेकराला आज जुलाब असतील तर एकदा दार वाजवा. एखादी पुडी सोबत न्या. ताई, तूच वाचत असशील तर तो डबा बाजूला ठेव आणि लिटरभर पाणी मोजून घे. चिठ्ठीत झिंकही लिहिलेलं होतं, तू "आधी हे देऊन पाहते" म्हणालीस आणि ते काउंटरवरच राहिलं.