बटण गोलच राहू द्या हो!

मालवणातल्या होमस्टेवाल्यांसाठी मी पाहुण्यांच्या अभिप्रायाचे ऑनलाइन फॉर्म बनवतो. प्रश्न कोणी वाचत नाही, सगळ्यांचा जीव उत्तराच्या बटणात! एकाला हापूसच्या आकाराचं हवं, दुसऱ्याला सुरमईच्या. अहो, गोल म्हणजे एकच उत्तर, चौकोन म्हणजे हवी तेवढी. लोकांच्या बोटांना हे पाठ झालंय. तिथे सुरमई ठेवलीत तर पाहुणा ती दाबणार की तळायला टाकणार?

रंगाचं तर विचारूच नका. पांढऱ्यावर फिकट पिवळं! भर दुपारी तारकर्लीच्या वाळूत उभ्या माणसाला काय दिसणार, कप्पाळ? बटणाच्या कडेला मागच्या रंगाशी किमान ३:१ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ-गडदपणातला फरक, लागतो म्हटलं, तर "ता ऱ्हवांदे, पण चकाकता कसा बघ!" निवडलेलं नि न निवडलेलं सारखंच दिसतं, त्याचं कुणाला काही नाही. वर विचारतात, दाबल्यावर गाऱ्हाण्याचा आवाज येईल काय?