शोधनिबंध पाठवा, पावतीही जोडा

शिक्षणशास्त्राचे संशोधन नियतकालिक काढायचे ठरवलेत, अभिनंदन. लेख कुठून मिळणार ही काळजी सोडा. जोवर प्राध्यापकांची पदोन्नती छापील लेख मोजून होते, तोवर लेखांचा दुष्काळ पडत नाही. तुम्ही आधी धोरणे लिहून काढा: लेख स्वीकारण्याचे, समीक्षणाचे, नैतिकतेचे, तक्रार निवारणाचे. वाङ्मयचौर्याला आमचा सक्त विरोध आहे, हे सांगणारी दोन पाने तर हवीतच. ती एखाद्या जुन्या नामांकित नियतकालिकाकडून जशीच्या तशी उतरवून घ्या. उगाच स्वतः लिहायला गेलात तर चुका व्हायच्या.

नाव ठेवताना हात आखडता घेऊ नका. नुसते ‘शिक्षण’ ठेवलेत तर वाणिज्य आणि वनस्पतिशास्त्रवाले दारातून परत जातील. ‘आंतरराष्ट्रीय बहुविद्याशाखीय बहुभाषिक पिअर रिव्ह्यूड रेफ्रीड त्रैमासिक’ अशी भरघोस पाटी लावा. पिअर रिव्ह्यूड आणि रेफ्रीड, दोन्ही म्हणजे तज्ज्ञांकडून तपासलेले, मग फरक काय, असे कोणी विचारत नाही; विचारलेच तर आम्ही दोन्ही करतो म्हणावे. आयएसएसएन क्रमांक दिल्लीच्या राष्ट्रीय केंद्राकडून विनामूल्य मिळतो. ते आठ अंक म्हणजे नियतकालिकाची नुसती ओळख, दर्जाशी त्यांचा काही संबंध नाही. पण हे आपणहून कशाला सांगायचे? मुखपृष्ठावर नावापेक्षा मोठ्या टायपात छापा.

मग इम्पॅक्ट फॅक्टर. मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचे यंदा किती वेळा संदर्भ दिले गेले, त्याला लेखांच्या संख्येने भागायचे, असा त्याचा साधा हिशेब. तुमच्या अंकाचा उल्लेख सध्या फक्त स्पीड पोस्टच्या पावतीवर होतो, म्हणून हिरमुसू नका. पैसे भरून आकडा देणाऱ्या संस्था आहेत. आकडा दशांश चिन्हानंतर तीन स्थळांपर्यंत घ्या. ६ म्हटले की थाप वाटते, ६.४१७ म्हटले की संशोधन वाटते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या, प्राध्यापकांच्या नेमणूक-पदोन्नतीच्या नियमावलीत इम्पॅक्ट फॅक्टर ‘थॉमसन रॉयटर्स’च्या यादीप्रमाणे धरावा असे लिहिले आहे. त्या कंपनीने हा व्यवसाय २०१६ सालीच विकून टाकला होता आणि आता तो क्लॅरिव्हेट या नावाने चालतो. नियम करणाऱ्यांनी जिथे एवढे बघितले नाही, तिथे तुमचा आकडा कुठून आला हे छाननी समिती बघेल, असे तुम्हाला खरेच वाटते?

आता लेखकांसाठी सूचना. या कडक हव्यात. आशयाबद्दल एक वाक्यही नको, पण टायपाबद्दल तडजोड नाही. मराठी लेख कृतिदेव ०५५ मध्येच, १४ पॉइंट, दीड ओळीचे अंतर, कमाल पाच पाने; सहाव्या पानापासून दर पानाला ज्यादा आकार. युनिकोडमधला लेख विचारात घेतला जाणार नाही, असे ठळक अक्षरांत लिहा. यात जुनाटपणा नाही, दूरदृष्टी आहे. कृतिदेवातला मजकूर संगणकाच्या लेखी इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ असते. पडद्यावर दिसते मराठी, आत काहीच नाही. चोरी पकडणारे सॉफ्टवेअर त्या माळेवरून हात फिरवते आणि शून्य टक्के साम्य असल्याचा दाखला देते. एखादा लेखक युनिकोडवरच अडून बसला, तर त्याला २०१८ची वाङ्मयचौर्यविषयक नियमावली समजावून सांगा. १० टक्क्यांपर्यंत साम्याला दंड नाही, आणि सर्वसामान्य माहितीतले सलग १४ शब्दांपर्यंतचे साम्य धरतच नाहीत. म्हणजे पंधरावा शब्द बदलण्यापुरते संशोधन त्याने स्वतः करायचे आहे.

लेखासोबत सही केलेले हमीपत्र घ्या: लेख माझा स्वतःचा आहे, इतरत्र छापलेला नाही, त्यातील मतांशी संपादक सहमत असतीलच असे नाही, वाद झाल्यास न्यायक्षेत्र अमुक तालुका. आणि पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट. शुल्क हा शब्द टाळा. वार्षिक वर्गणी म्हणा; वर्गणी देणारा वाचक ठरतो, शुल्क देणारा गिऱ्हाईक.

वर्गणी प्रत्येक सहलेखकाकडून वेगळी घ्यायची. ते आनंदाने देतात, कारण पदोन्नतीच्या नियमावलीचे गणितच तसे आहे. शिक्षणशास्त्राच्या एका लेखाला १० गुण. दोघांनी मिळून लिहिला तर प्रत्येकाला ७० टक्के, म्हणजे सात आणि सात, एकूण चौदा. तिसरा घेतला तर पहिल्याला सात आणि उरलेल्यांना तीन-तीन, एकूण तेरा; चौथा घेतला की पुन्हा सोळा. त्यामुळे तिघांचा लेख आला तर त्यांना प्रेमाने सांगा की एकाला वगळा किंवा एक वाढवा. गणित अध्यापनपद्धतीच्या तासाला हे उदाहरण फार छान शिकवता येईल. एकट्याने लिहून दहा गुण घेणारे भाबडे लोकही अजून आहेत, पण तुमचा अंक त्यांच्यावर चालायचा नाही.

आता मुख्य विषयाकडे येऊ, समीक्षण. तुमच्या धोरणात ‘डबल ब्लाइंड’ हे शब्द असलेच पाहिजेत. लेखकाला समीक्षक कोण ते कळू द्यायचे नाही आणि समीक्षकाला लेखक कोण ते कळू द्यायचे नाही, अशी ती रीत. तुम्ही एक पाऊल पुढे जा आणि समीक्षकाला लेखही कळू देऊ नका. समीक्षक मंडळाची यादी आतल्या पानावर दोन स्तंभांत छापा. चाळीस-पंचेचाळीस नावे पुरे. ज्यांची नावे आहेत त्यांना कळवलेच पाहिजे असे काही नाही. कळले तर बहुतेक जण स्वतःच्या माहितीपत्रकात ते भरून टाकतात. आंतरराष्ट्रीय म्हटल्यावर परदेशातला एक तरी हवा. मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने न्यू जर्सीला गेलेले निवृत्त प्राचार्य शोधा. ते परत आले तरी नावापुढचे ‘यूएसए’ काढू नका.

समीक्षणाला वेळ किती, हे स्पष्ट लिहा: ४८ तास. शनिवार-रविवार धरून. छापील नमुना अर्ज एकदाच तयार करून ठेवा. विषयाची नवीनता, संशोधनपद्धती, भाषा, निष्कर्ष अशा चार ओळी. पुढे उत्तम, चांगले, समाधानकारक असे तीन रकाने. ‘असमाधानकारक’ला कागदावर जागा मावत नाही. सगळ्या खुणा ‘उत्तम’मध्ये, भाषेपुढची तेवढी ‘चांगले’मध्ये, म्हणजे कोणीतरी वाचल्यासारखे दिसते. खाली सूचनांच्या जागी लिहा: ‘संदर्भसूची अकारविल्हे लावावी. किरकोळ दुरुस्तीसह स्वीकृत.’ हा अभिप्राय कवितेच्या अध्यापनावरच्या लेखालाही चालतो आणि मधमाशीपालनावरच्याही.

यात मोठी जोखीम एकच आहे. चुकून एखादा खरा समीक्षक गाठ पडतो. त्याने काय उत्पात होतो, ते एका लेखावर पाहू. असे लेख तुमच्याकडे गठ्ठ्याने येणार आहेत. ‘ग्रामीण व शहरी भागातील इयत्ता नववीच्या विद्यार्थ्यांच्या मोबाइल वापराचा त्यांच्या मराठी विषयातील संपादणुकीवर होणाऱ्या परिणामाचा तुलनात्मक अभ्यास.’ नमुना शंभर, पन्नास इकडचे, पन्नास तिकडचे. पद्धत सर्वेक्षण. टी-मूल्य १.२१, ९८ स्वाधीनता मात्रेला ०.०५ स्तरावर सारणीमूल्य १.९८, सबब शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘फरक नाही’ या गृहीताचा, स्वीकार, दोन्ही गटांत सार्थक फरक आढळत नाही. शिफारस: शासनाने ग्रामीण भागातील विद्यार्थ्यांसाठी तातडीने विशेष कार्यक्रम हाती घ्यावा. पाच पाने, सुबक तक्ते, शेवटी अकरा संदर्भ, त्यांतले चार पाठ्यपुस्तकांचे. ४८ तास तरी कशाला हवेत?

आणि हा माणूस काय करतो? वाचतो. मग विचारतो: ग्रामीण पन्नास मुले एकाच शाळेतली आहेत, शहरी पन्नासही एकाच शाळेतली, फरक निघाला असता तरी तो गाव आणि शहर यांतला होता की मराठी शिकवणाऱ्या दोन बाईंमधला, हे कसे ठरवणार होता? मोबाइलचा वापर मोजला कुठे आहे? प्रश्नावलीत ‘तुम्ही मोबाइल वापरता का, होय किंवा नाही’ एवढेच आहे, आणि ९७ मुले होय म्हणाली आहेत. एकदाच केलेल्या सर्वेक्षणावरून ‘परिणाम’ हा शब्द शीर्षकात कसा आला? फरक सापडला नाही म्हणजे फरक नाहीच, असे म्हणता येत नाही; शून्य परिकल्पना नाकारता आली नाही इतकेच म्हणता येते. आणि फरकच आढळला नाही, तर शासनाने नेमके कशासाठी धावायचे? शेवटी वर लिहितो की गुणपत्रके लेखिकेकडे आहेतच, तर पाच-सहा शाळांतून ती पुन्हा जमवावीत, मोबाइल कशासाठी आणि रोज किती वेळ हे विचारावे. प्रश्न चांगला आहे, लेख होऊ शकेल.

पाहिलेत? एका गरजू प्राध्यापिकेची मार्चअखेरची मुलाखत याने धोक्यात आणली. लेख होऊ शकेल म्हणे! लेख झालेला आहे, वर्गणीही जमा आहे. असा माणूस लेख घेऊन दोन-तीन महिने बसतो, चार पानी टिपण पाठवतो, आणि त्याबद्दल एक पैसा मागत नाही. फुकट काम करणाऱ्यावर व्यवहारात कोणी विश्वास ठेवत नाही, तुम्हीही ठेवू नका. गंमत अशी की लेख पाठवणारी हीच मंडळी बी.एड.च्या वर्गात आकारिक मूल्यमापन शिकवतात: नुसते गुण देऊ नका, मुलाला कुठे चुकले ते सांगा, सुधारायची संधी द्या. ते मुलांसाठी. आपल्या वहीत कोणी लाल शाई फिरवली की लगेच व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर विचारणा सुरू होते, ‘सर, लवकर छापणारे कुठले आहे?’ तुमचा क्यूआर कोड तिथेच टाकायचा.

सरकारी उपद्रवाला भिऊ नका. आयोगाने २०१७ साली मान्यताप्राप्त नियतकालिकांची यादी काढली, नावे ३८ हजारांच्या वर. संशोधक भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी २०१८ साली ‘करंट सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात त्या यादीची चिकित्सा केली. विद्यापीठांनी सुचवलेल्या आणि कुठल्याही मोठ्या सूचीत नसलेल्यांपैकी ८८ टक्क्यांहून अधिक नियतकालिके कमी दर्जाची असू शकतात, असे त्यांचे म्हणणे पडले. म्हणजे शिफारस करणारी आपलीच विद्यापीठे. त्याच वर्षी मे महिन्यात ४,३०५ नावे एका झटक्यात उडाली. २०१९ साली पुण्याच्या विद्यापीठातल्या केंद्रामार्फत पारखून घेतलेल्या नियतकालिकांची ‘केअर’ यादी आली, आणि पाठोपाठ त्या यादीतल्या जुन्या साध्यासुध्या नियतकालिकांच्या नावाची हुबेहूब बनावट संकेतस्थळेही आली. फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने ‘केअर’ही गुंडाळल्याचे जाहीर केले आणि चांगले-वाईट कसे ओळखावे याचे निकष देऊन निवड संस्थांवर सोपवली. (यादी करण्यात फार चूक होती असे मला वाटत नाही. चूक, यादी हातात आल्यावर लेख उघडायचेच सोडून दिलेल्या छाननी समित्यांची.) आता निकषांची पूर्तता तुम्ही स्वतःच जाहीर करायची आहे. धोरणे आधी लिहून ठेवा असे म्हटले ते एवढ्यासाठीच. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्यापूर्वी एक लेख छापलाच पाहिजे ही २०१६ची अट २०२२ मध्ये निघाली, त्याने धंद्यावर थोडा परिणाम झाला असेल. पण मार्गदर्शकांच्या सवयी राजपत्राने बदलत नाहीत.

बदनामीचेही वाईट वाटून घेऊ नका. ‘सायन्स’ नियतकालिकाच्या वतीने पत्रकार जॉन बोहॅनन यांनी २०१३ साली ढोबळ चुकांनी भरलेला, दगडफुलासारख्या शैवाकातून कर्करोगाचे औषध सापडल्याचा खोटा लेख ३०४ ठिकाणी पाठवला होता. १५७ जणांनी स्वीकारला. भारतातल्या ६४ जणांनी हो म्हटले, १५ जणांनी नाही. त्या पंधरांची तेव्हा कोणी ओटी भरली नाही.

अंक वेळेवर काढण्याचा आग्रह नको. पदोन्नतीच्या अर्जाला लेख मागच्या जूनचा लागतो, हे लेखकाला पुढच्या फेब्रुवारीत समजते. त्यासाठी जूनचा विशेषांक, भाग २, मग भाग २-अ, अशी सोय ठेवा. पृष्ठक्रमांक अपूर्णांकात जाऊ नयेत एवढे पाहा. एकदिवसीय आंतरराष्ट्रीय चर्चासत्रांशी संधान बांधा. सकाळी उद्घाटन, दुपारी जेवण, ‘राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० : संधी आणि आव्हाने’ या एकाच शीर्षकाचे साठ लेख, आणि ते सगळे तुमच्या अंकात. साठांतल्या दोन लेखांत दुसरा परिच्छेद सारखाच निघाला, तर ते विषयावरचे एकमत समजावे.

स्वीकृतीपत्र, छापील प्रत आणि प्रमाणपत्र एकाच पाकिटातून जाऊ द्या. प्रमाणपत्र जाड कागदावर, सोनेरी किनार, खाली मुख्य संपादकाची स्कॅन केलेली सही. छापण्याआधी लेखकाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव आणि कॉलेजचे पूर्ण नाव त्यांच्याकडून दोनदा तपासून घ्या. एक वेलांटी चुकली तरी रात्री अकराला फोन येतो.