रानहळदीचा रिकामा वाफा

जळगावातील आमच्या घराच्या उत्तरेला, कडुनिंबाखाली, एक वाफा नोव्हेंबरपासून जूनपर्यंत मोकळा दिसतो आणि येणारे बहुतेक पाहुणे तिथे काहीतरी लावण्याचा सल्ला देऊन जातात. त्या मातीत रानहळदीचे कंद आहेत, हे तोंडी सांगून कोणाला पटत नाही, म्हणून इथे लिहीत आहे.

रानहळद हे आपल्या हळदीचेच रानातले भावंड असून, ‘कुरकुमा स्यूडोमोंटाना’ या नावाने तिची नोंद १८३९ साली झाली. तिचा जो गुलाबी शेंडा आपण फूल समजतो, ती खरे तर रंगीत सहपत्रे, म्हणजे फुलांच्या तुऱ्यावरची पानांसारखी अंगे, असतात आणि त्यांच्यात फूल नसतेच. खरी पिवळी फुले खालच्या हिरव्या सहपत्रांच्या खोबणीतून बाहेर डोकावतात. पावसाच्या आरंभी हा तुरा पानांच्या बाजूने, थेट जमिनीतून वर येतो. पुढे श्रावण-भाद्रपदात येणारे तुरे मात्र पानांच्या मधोमध उभे राहतात. एकाच झाडाची ही दोन रूपे पाहून पहिल्या वर्षी मी दोन वेगळी झाडे समजले होते.

त्याच वर्षी चूकही झाली. कार्तिकात पाने पिवळी पडू लागताच मी घाबरून रोज पाणी घालत राहिले. आमच्या माळीबुवांनी ‘काकू, हाई ते मरी गयं’ असे सांगून टाकले. झाड मेले नव्हते, त्याचा विसाव्याचा काळ आला होता. मारले ते माझ्या पाण्याने. आपली काळी माती ओल धरून ठेवते आणि अशा चिकट ओलीत कंद सडतात. मेमध्ये उकरून पाहिले तेव्हा हाताला निव्वळ लगदा लागला.

आता वाफा वीतभर उंच केला असून मातीत निम्मा मुरूम आणि कडुनिंबाचाच कुजलेला पालापाचोळा मिसळला आहे. कंद दोन-तीन इंच खोल ठेवायचे, आणि पाने वाळली की पाणी पूर्ण बंद. फेब्रुवारी-मार्चमध्ये निंबाची पाने गळतात, ती झाडून न टाकता वाफ्यावरच राहू द्यायची; पाऊस येईपर्यंत नवी पालवी दाट होऊन सावलीही तयार असते.

सावलीसाठी म्हणून नर्सरीत आपल्याला क्रोटन आणि डिफेनबाखिया दिली जातात. ती दमट प्रदेशांतली झाडे आहेत आणि जळगावच्या पंचेचाळीस अंशांत त्यांना जगवायचे म्हणजे, नळाला दिवसाआड पाणी येत असताना, सकाळ-संध्याकाळ फवारे मारत बसायचे. रानहळद नेमक्या त्याच महिन्यांत एक तांब्याही पाणी मागत नाही. बाग बाराही महिने हिरवी दिसलीच पाहिजे, हा आग्रह खानदेशात मला हवामानाकडे पाठ फिरवल्यासारखा वाटतो.

एक विनंती मात्र आहे. यावल किंवा गौताळ्याच्या अभयारण्यातून कंद उकरून आणू नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानुसार तो गुन्हा आहे. माझे कंद चोपड्याकडील एका परिचितांच्या परसातले आहेत. या वर्षी गड्डे वाढले आहेत, तेव्हा मेअखेरीस ज्यांना हवे असतील त्यांनी येऊन न्यावेत. वाफ्याच्या कडेला चार गोटे मांडले आहेत, त्यांच्या आत कृपया पाय ठेवू नये.