आकडा ठोकायला काय जातं तुमचं?

जुन्या मोटरसायकलच्या कार्ब्युरेटरमधला जेट म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारा, बारीक भोकाचा पितळी तुकडा. त्यावर मापाचे तीन आकडे ठोकायला असा कितीसा खर्च येतो हो? पुडीवर मात्र ठळक छापलेलं: ‘सर्व जुन्या मॉडेलना चालेल’. चालेल म्हणजे काय? आटे बसले की चाललं?

जुन्या अमालचा, म्हणजे त्या ब्रिटिश कार्ब्युरेटरचा, निडल जेट घ्या; याच्यातून निमुळती सुई वरखाली होते. एक .१०६ इंचाचा, दुसरा .१०६५ चा. फरक अर्धा थाऊ (इंचाच्या हजाराव्या भागाचा अर्धा), म्हणजे मिलिमीटरचा जेमतेम ऐंशीवा भाग! पण तेवढ्यानं अर्ध्या थ्रॉटलला गाडी घुसमटते आणि प्लग काळा पडतो. हे डोळ्यांनी ओळखायचं? व्हर्निअरचे जबडे त्या भोकात धड शिरत नाहीत, शिरले तरी माप कमीच दाखवतात. मग पिन गेज, म्हणजे ठरलेल्या जाडीच्या मोजायच्या पिना, आणा. आणि जेट वापरून लंबगोल झालेला असेल, तर पिन फक्त अरुंद बाजू सांगणार. बसा बोंबलत.

स्लाइडचं, म्हणजे थ्रॉटलच्या सरकत्या झडपेचं, तरी बरं. तिच्या खालच्या कडेचा काप, म्हणजे कटअवे, सोळांश इंचात असतो. ३ नंबर म्हणजे ३/१६ इंच, मोजता येतो. पण सुई? मूळ सुईवर क्लिपच्या खाचांच्या वर ओळखीच्या बारीक रेघा असतात. नक्कल करणाऱ्या महाभागांनी खाचा बरोब्बर उतरवल्या आणि रेघा गाळल्या. निमुळतेपणा तोच आहे का, हे तुम्हीच शोधा.

आणि आकडा असला म्हणजे सुटलो असंही नाही. अमालच्या मेन जेटवरचा (पूर्ण थ्रॉटलला पेट्रोल मोजणारा तो) १८० म्हणजे मिनिटाला १८० सीसी प्रवाह. जपानी केहिन कार्ब्युरेटरच्या जेटवरचा १०५ म्हणजे १.०५ मिलिमीटरचं भोक. दोन्ही एकाच डब्यात टाकून ‘जेट, मिक्स’ म्हणून विकणाऱ्याला काय म्हणायचं? त्याहून नालायक तो, ज्यानं कधीकाळी जेट ड्रिलनं मोठा केला आणि जुना आकडा तसाच ठेवला. कोरा जेट निदान खोटं तरी बोलत नाही.

वर सल्ला तयारच: ‘गाडी पळवून बघा, प्लग सगळं सांगतो.’ काय सांगतो? काळा आला, म्हणजे पेट्रोल जास्त, एवढंच ना? मग मेन जेट मोठा, सुई बारीक, कटअवे कमी, की पेट्रोलची पातळी राखणाऱ्या फ्लोटची लेव्हल वर, तेही विचारा की त्या प्लगला!