चांद्रयान-3 ला 40 दिवस लागले त्यात कमीपणा कसला?
एका लेखात म्हणलंय अपोलो 11 चार दिवसात चंद्रावर उतरलं अन् आपलं रॉकेट कमजोर म्हणून चांद्रयान-3 ला 40 दिवस लागले. अर्धंच सांगितलं की राव! अपोलोचं रॉकेट सॅटर्न-5 लई मोठं होतं हे खरं, पण यान पृथ्वीच्या सगळ्यात जवळून जातं तेव्हा त्याचा वेग जास्त असतो, तिथंच इंजिन पेटवलं की तेवढ्याच इंधनात जास्त ऊर्जा मिळते, म्हणून फेरी-फेरीला चांद्रयानाची लंबवर्तुळाकार कक्षा ताणत नेली अन् 1 ऑगस्टला चंद्राकडं सोडलं. परभणीत ट्युशनच्या पोरांना मी पुठ्ठ्यावर दोन टाचण्या टोचून दोऱ्यानं लंबवर्तुळ काढून दाखवतो, पटकन कळतं त्यांना.

अन् लवकर पोचून करायचं काय होतं? उतरायच्या जागी सूर्य उगवणार 23 ऑगस्टच्या सुमारास, लँडर सोलर पॅनलवर चालणारा, अंधारात उतरून काय उजेड पाडणार होता?